डोळ्यांनी न पाहता संगणक: खानदेशातून नेहमी विचारले जाणारे प्रश्न

अमळनेरला माझ्या घरी दर रविवारी सकाळी चार-पाच दृष्टिहीन मंडळी संगणक शिकायला बसतात. मलाही दिसत नाही. माझं सगळं काम कानांवर आणि बोटांवर चालतं. चोपडा, शहादा, साक्री, मुक्ताईनगर अशा ठिकाणांहून फोन येतात. कधी पालकांचे, कधी शाळेतल्या सरांचे, कधी उतारवयात नजर गेलेल्यांचे. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं इथे लिहून ठेवतो आहे.

ज्याला दिसतच नाही, तो संगणक वापरणार कसा?

संगणकावर जे लिहिलेलं असतं ते मोठ्याने वाचून दाखवणारं एक सॉफ्टवेअर असतं. त्याला स्क्रीन रीडर म्हणतात. तुम्ही बटण दाबलंत की ते अक्षर बोलतं, मेनू उघडलात की त्यातली नावं सांगतं, पत्र उघडलंत की ओळीमागून ओळ वाचतं. माऊस लागत नाही. टॅब, बाणाची बटणं, एंटर आणि एस्केप एवढ्यांवर निम्मं काम होतं. कीबोर्डवर एफ आणि जे या बटणांवर बारीक उंचवटे असतात. तर्जन्या तिथे टेकवल्या की बाकीची बटणं आपोआप जागेवर सापडतात. उंचवटा झिजला असेल तर त्यावर कपाळाची टिकली चिकटवा, माझ्याकडे ती दोन-दोन वर्षं टिकते.

नवख्याला एक गोष्ट समजायला वेळ लागतो. डोळसाला पान एका नजरेत दिसतं, आम्हाला ते एकामागून एक ऐकू येतं. बातम्यांची वेबसाइट उघडली आणि पहिल्या शब्दापासून ऐकत बसलो तर जाहिराती आणि मेनू ऐकण्यातच दहा मिनिटं जातात. म्हणून उड्या मारायला शिकायचं. एनव्हीडीए नावाच्या स्क्रीन रीडरमध्ये वेबपानावर एच दाबलं की पुढच्या मथळ्यावर जाता येतं, के दाबलं की पुढच्या लिंकवर. इन्सर्ट आणि एफ७ एकत्र दाबलं की पानावरच्या सगळ्या लिंक आणि मथळ्यांची यादी समोर येते. हे जमलं की कानाने वाचणं डोळ्यांच्या वाचण्यामागे फारसं राहत नाही. सरावलेली मुलं आवाज इतका वेगात ठेवतात की शेजारी बसलेल्या आईला एक शब्द कळत नाही.

खर्च किती येतो? फुकट म्हणजे थोडे दिवसच ना?

नाही, कायमचं फुकट. एनव्हीडीए २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन यांनी लिहायला घेतलं, पुढे जेम्स टे त्यांच्यासोबत आले. दोघेही दृष्टिहीन. अंध माणसाला संगणकासाठी डोळसापेक्षा जास्त पैसे का मोजावे लागावेत, हा त्यांचा प्रश्न होता आणि उत्तर त्यांनी स्वतःच तयार केलं. ते मुक्त स्रोत आहे, म्हणजे त्याचा कोड कोणीही पाहू शकतं, सुधारू शकतं, आणि त्याची प्रत दुसऱ्याला देणं पूर्णपणे कायदेशीर आहे. उतरवून घेताना देणगी मागतात. देणं ऐच्छिक आहे. जमेल तेव्हा जरूर द्या.

याआधी बहुतेक ठिकाणी जॉज हा विकतचा स्क्रीन रीडर शिकवला जायचा. ते ताकदवान आहे, काही कार्यालयांत अजूनही तेच लागतं, पण त्याचा परवाना सामान्य घराला झेपत नाही. परवाना न घेता ते एका वेळी चाळीस मिनिटं चालतं, मग संगणक पुन्हा सुरू करावा लागतो. मग लोक कुठून तरी चोरीची प्रत बसवतात. माझ्याकडे आलेल्या एका मुलाच्या लॅपटॉपमध्ये अशाच प्रतीबरोबर व्हायरस आला आणि दोन वर्षांच्या नोट्स गेल्या. फुकटचं, चांगलं आणि कायदेशीर सॉफ्टवेअर हाताशी असताना हा धोका पत्करू नका.

कोणता लॅपटॉप घ्यावा?

महाग नको. चार जीबी रॅमवर काम भागतं, आठ असेल तर उत्तम. जुना लॅपटॉप असेल तर जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, टाका. आवाज अडखळणं बहुतेक तिथेच थांबतं. विंडोज ७ असेल तर एनव्हीडीएची २०२३.३ ही आवृत्ती शोधा, त्यानंतरच्या आवृत्त्या त्यावर चालत नाहीत. स्क्रीनचा आकार आणि चकाकी यांवर पैसे घालवू नका, ते चांगल्या हेडफोनवर घाला.

घरात संगणकाचं कोणाला कळत नाही. बसवायचं कसं?

विंडोज १० आणि ११ मध्ये नॅरेटर नावाचा स्क्रीन रीडर आधीपासून असतो. विंडोज, कंट्रोल आणि एंटर ही तीन बटणं एकत्र दाबली की तो बोलू लागतो. त्याच्या मदतीने एनव्हीडीए उतरवून स्वतःच बसवता येतं. फाइल लहान आहे, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर होऊन जातं. पहिल्यांदा सुरू झालं की एक खिडकी उघडते, तिथे कॅप्स लॉकला एनव्हीडीएचं बटण, म्हणजे त्याला आज्ञा देताना दाबून धरायचं बटण, करायचं का असं विचारतात. एरवी ते काम इन्सर्ट करतं. लॅपटॉपवर हो म्हणा, कारण पुष्कळ लॅपटॉपवर इन्सर्टचं बटण कोपऱ्यात दडलेलं असतं किंवा नसतंच.

आणखी एक सोय मला फार मोलाची वाटते: एनव्हीडीए पेन ड्राइव्हवर ठेवता येतं. सायबर कॅफेत, कॉलेजच्या लॅबमध्ये, मामाच्या घरी, कुठेही पेन ड्राइव्ह लावा, आवाज सुरू करा, काम झालं की काढून घ्या. त्या संगणकावर काहीही बसवावं लागत नाही. माझा एक विद्यार्थी यावल तालुक्यातला आहे, वडिलांची केळीची बाग आहे. त्याच्याकडे दीड वर्ष स्वतःचा संगणक नव्हता, गळ्यातल्या दोरीला एक पेन ड्राइव्ह होता. तेवढ्यावर त्याने बी. ए.चं दुसरं वर्ष काढलं.

सुरुवातीला तीन गोष्टी पाठ करा. कंट्रोल दाबलं की बोलणं थांबतं. एनव्हीडीएचं बटण आणि १ दाबलं की सराव सुरू होतो. मग कुठलंही बटण दाबा, ते फक्त स्वतःचं नाव आणि काम सांगेल, काही बिघडणार नाही. एनव्हीडीए आणि टी दाबलं की आपण कुठल्या खिडकीत आहोत ते कळतं. हरवलात की टी.

मराठी वाचतं का?

वाचतं. एनव्हीडीएबरोबर ईस्पीक एनजी हा आवाज येतो, तोही मुक्त स्रोत आहे आणि त्यात मराठी आहे. एनव्हीडीए, कंट्रोल आणि व्ही दाबून आवाजाच्या सेटिंगमध्ये मराठी निवडा. देवनागरी आलं की तो मराठी वाचतो, मध्येच रोमन अक्षरातला शब्द आला की इंग्रजी.

आवाज यांत्रिक आहे, पहिल्या दिवशी कानाला टोचतो. पालक म्हणतात, ‘हा तर पत्र्यावर घासल्यासारखा आवाज.’ पण वेग वाढवला तरी तो तुटत नाही, जुन्या संगणकावरही बटण दाबताक्षणी बोलतो, आणि रोज आठ तास काम करणाऱ्याला गोडव्यापेक्षा हे जास्त लागतं. दोन आठवडे द्या. च, ज, झ यांचे मराठीत दोन-दोन उच्चार आहेत आणि लिहिताना फरक दिसत नाही, त्यामुळे तिथे मशीन चुकतं. कान ते सुधारून घेतो.

संक्षेपांसाठी एनव्हीडीएत उच्चारांचा शब्दकोश असतो. ‘जि.प.’ आलं की ‘जिल्हा परिषद’ म्हण, असं त्याला सांगून ठेवता येतं. आमच्या विद्यापीठाचं ‘कबचौउमवि’ हे नाव तर मी पहिल्याच दिवशी त्यात घालतो, म्हणजे ‘कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ’ असं पूर्ण ऐकू येतं. मात्र ‘ता.’ म्हणजे तालुका असं घालू नका, नाहीतर ‘तो आला होता.’ या वाक्याच्या शेवटीही तालुका ऐकू येईल.

कार्यालयातून आलेलं मराठी पत्र उघडलं तर ते भलतंच वाचतं. सॉफ्टवेअर बिघडलं का?

सॉफ्टवेअर ठीक आहे, पत्र चुकीचं टाइप झालं आहे. सगळ्यात जास्त फोन याच प्रश्नासाठी येतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कृतिदेव, शिवाजी, जुन्या पद्धतीची श्रीलिपी या फॉन्टांत टाइप केलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण संगणकाच्या पोटात तो रोमन अक्षरंच असतो. फॉन्ट फक्त त्या अक्षरांवर मराठी आकारांचा मुखवटा चढवतो. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द टाइप केला तर आत ई, जे, के, बी, एच एवढंच साठवलेलं असतं. स्क्रीन रीडर मुखवटा पाहत नाही, आतलं वाचतो. म्हणून तुम्हाला जिथे ‘मराठी’ दिसतं तिथे आम्हाला अर्थहीन इंग्रजी अक्षरं ऐकू येतात. पानंच्या पानं.

युनिकोड या जगभर चालणाऱ्या अक्षर-पद्धतीत प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. १९९१ मधल्या त्याच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी त्यात आहे. मंगल, निर्मला, नोटो हे युनिकोडचे फॉन्ट. या फॉन्टांत टाइप केलेलं पत्र बोलतं, शोधता येतं, मोबाइलवर तसंच्या तसं दिसतं. म्हणजे फायदा फक्त आमचा नाही.

आता उपाय. जुनी फाइल आलीच असेल तर कृतिदेवचा मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी मोफत साधनं इंटरनेटवर आहेत: एका चौकटीत चिकटवायचं, दुसऱ्या चौकटीतून उचलायचं. जोडाक्षरं आणि रफार कुठे कुठे तुटतात, ते हाताने सुधारावं लागतं. पण हा उपाय आमच्या बाजूचा झाला. मुळातला उपाय टाइप करणाऱ्याच्या हातात आहे. शाळा, ग्रामपंचायत, पतपेढी, मंडळ, कुठेही तुम्ही मराठी टाइप करत असाल तर कृपा करून युनिकोडमध्ये करा. एका दृष्टिहीन शिक्षिकेला तिच्याच बदलीचा आदेश दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागला होता, केवळ फॉन्टमुळे. संगणक तिच्याकडे होता, एनव्हीडीए होतं, ती तरबेज होती. एवढं सगळं फुकट मिळूनही ती अडली ती समोरच्याच्या टायपिंगच्या सवयीपाशी.

स्कॅन केलेली पीडीएफ किंवा व्हॉट्सॲपवरचा फोटो वाचता येतो का?

स्कॅन म्हणजे कागदाचा फोटो. त्यात अक्षरं नसतात, अक्षरांचं चित्र असतं. चित्रातून अक्षरं ओळखण्याच्या कामाला ओसीआर म्हणतात. टेसरॅक्ट हे त्यासाठीचं मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहे. मुळात ह्यूलेट-पॅकार्डने बनवलं, २००५ मध्ये खुलं केलं, पुढे गूगलने वाढवलं, आणि त्यात मराठी आहे. स्वच्छ छपाई असेल तर निकाल चांगला येतो, झेरॉक्सची झेरॉक्स असेल तर हातात चोथा येतो. गूगल ड्राइव्हवर फोटो किंवा पीडीएफ चढवून ती गूगल डॉक्समध्ये उघडली तरी मजकूर मिळतो, आणि मराठीसाठी अनेकदा हाच सोपा मार्ग ठरतो.

ग्रुपवर वेळापत्रकाचा फोटो टाकणाऱ्यांना एक विनंती: फोटोखाली दोन ओळी लिहा.

मराठी टाइप करायला काय शिकावं?

इनस्क्रिप्ट. याबाबत माझं मत पक्कं आहे. हा भारत सरकारने ठरवलेला कीबोर्ड विंडोजमध्ये असतोच, भाषांत मराठी जोडली की मिळतो, आणि विंडोज व स्पेस दाबून मराठी-इंग्रजी अदलाबदल करता येते.

दृष्टिहीनाला तो का सोपा जातो ते सांगतो. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. क च्या बटणावर शिफ्ट दाबलं की ख, ग वर घ, त वर थ, प वर फ. म्हणजे बाराखडी पाठ असलेल्याला अर्धा कीबोर्ड आधीच येत असतो. एफ च्या उंचवट्याखाली ऱ्हस्व वेलांटी, जे च्या उंचवट्याखाली र. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अक्षर जसं बोलतो तसंच टाइप होतं. ‘कि’ म्हणताना आधी क, मग वेलांटी. कृतिदेवमध्ये वेलांटी आधी टाइप करावी लागते, कारण कागदावर ती आधी दिसते. ज्याने कागदावरची वेलांटी कधी पाहिलीच नाही, त्याने हे का लक्षात ठेवावं?

रोज अर्धा तास दिला तर दीड-दोन महिन्यांत बोटं बसतात. या काळात घरच्यांनी एक पथ्य पाळावं: मुलगा चाचपडतोय म्हणून कीबोर्ड ओढून ‘थांब, मी करून देतो’ म्हणू नये. त्या चाचपडण्यातच बोटांना जागा कळत असतात.

वर्ड-एक्सेल शिकावं की लिब्रेऑफिस?

नोकरीसाठी शिकत असाल तर वर्ड आणि एक्सेल, कारण कार्यालयांत तेच असतं आणि एनव्हीडीएशी त्यांचं जमतंही चांगलं. घरच्या कामाला लिब्रेऑफिस मोफत आहे आणि पुरतं.

लिनक्सवर काय?

लिनक्स म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणारी मुक्त स्रोत प्रणाली, उबुंटू हा तिचा एक प्रकार. ऑर्का हा मुक्त स्रोत स्क्रीन रीडर उबुंटूत आधीपासून असतो; ऑल्ट, विंडोजचं बटण आणि एस दाबलं की सुरू होतो, अगदी बसवतानाही. जुन्या संगणकात जीव आणायला छान. पण आजूबाजूला विचारायला माणूस नसेल तर पहिला संगणक विंडोजचाच ठेवा.

मोबाइलवर सगळं होतं, मग संगणक कशाला?

मोबाइल हवाच. अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक हा स्क्रीन रीडर असतो, बहुतेक फोनवर आवाजाची दोन्ही बटणं तीन सेकंद एकत्र दाबून तो चालू होतो, आणि गूगलचा मराठी आवाज गोड आहे. हातातली नोट किती रुपयांची आहे किंवा बाटलीवर काय लिहिलं आहे, हे विचारायला बी माय आइज हे मोफत ॲप २०१५ पासून आहे. व्हिडिओ कॉलवर एखादा डोळस स्वयंसेवक पाहून सांगतो. पण वीस पानांचा प्रकल्प, पगारपत्रक, नोकरीचा लांबलचक अर्ज या गोष्टी काचेवर बोट फिरवून होत नाहीत.

मराठी पुस्तकं कुठून मिळतील?

सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन वाचनालय ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झालं. छापील पुस्तक वाचू न शकणाऱ्यांसाठी ते आहे आणि त्यात मराठीसह अनेक भारतीय भाषांची पुस्तकं आहेत. यामागे कायद्याचा आधार आहे. २०१२ मध्ये आपल्या कॉपीराइट कायद्यात बदल होऊन अशा वाचकांसाठी पुस्तकाची सुलभ प्रत करायला मुभा मिळाली. अशाच प्रतींसाठी झालेल्या २०१३ च्या मराकेश या आंतरराष्ट्रीय कराराला मान्यता देणारा पहिला देश भारत होता. उतरवलेली पुस्तकं वाचायला संगणकावर थोरियम रीडर वापरा. तोही मोफत आणि मुक्त स्रोत.

संगणक आला म्हणजे ब्रेलची गरज संपली का?

मुळीच नाही. फक्त ऐकून शिकलेल्या मुलाचं शुद्धलेखन कच्चं राहतं. ‘पाणी’ आणि ‘पाणि’ कानाला सारखेच. लहान मूल असेल तर आधी ब्रेल. लिबलुई या मुक्त स्रोत प्रणालीमुळे एनव्हीडीए मराठी मजकूर ब्रेलमध्येही दाखवू शकतं. त्यासाठी लागणारं ब्रेल डिस्प्लेचं यंत्र, म्हणजे बोटांखाली ब्रेलचे टिंब वर आणणारं यंत्र, महाग असतं. ऑर्बिट रीडर २० त्यातल्या त्यात परवडणारं, एका वेळी वीस अक्षरं दाखवणारं.

थोडंफार दिसतं. मग?

विंडोज आणि अधिक चिन्ह दाबा, भिंग उघडतं. कंट्रोल, ऑल्ट आणि आय दाबलं की रंग उलटतात, काळ्यावर पांढरं होतं. विंडोज आणि एस्केपने बंद. नजर कमी होत जाणार असं डॉक्टरांनी सांगितलं असेल तर दिसतंय तोवरच स्क्रीन रीडर शिकायला घ्या. भुसावळचे एक निवृत्त रेल्वे कर्मचारी काचबिंदूच्या निदानानंतर लगेच आले. नजर पुढे गेली, तोवर हात तयार झाले होते.

परीक्षा संगणकावर देता येते का?

केंद्र सरकारच्या २९ ऑगस्ट २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत लेखनिक, ब्रेल, मोठा टाइप किंवा संगणक असे पर्याय होते. तासाला किमान वीस मिनिटं जादा वेळ होता आणि संगणक आदल्या दिवशी तपासून पाहायची मुभा होती. अशी मुभा असेल तर ती जरूर घ्या. तुमच्या परीक्षेला लागू असलेला ताजा नियम पाहून फॉर्म भरतानाच लेखी अर्ज जोडा. ऐन दिवशी तोंडी बोलून काही होत नाही.

लॅपटॉपला पैसे नाहीत. मदत मिळते का?

पहिल्यांदा यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढा; त्याशिवाय पुढचं पाऊल पडत नाही. मग ग्रामपंचायतीत जा. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. अर्जात नुसतं ‘मदत मिळावी’ लिहू नका. लॅपटॉप, हेडफोन, किंमत, दुकानाचं कोटेशन, सगळं लिहा, पोच घ्या. ग्रामपंचायत लहान असेल तर एकट्याला पूर्ण रक्कम मिळणार नाही, पण गावातल्या दोघा-तिघांनी मिळून एक संगणक शाळेत किंवा वाचनालयात ठेवावा असा अर्ज केला तर गाडी पुढे सरकते. सॉफ्टवेअरच्या खात्यावर शून्य रुपये लिहायचे, हे सरपंचांना आवर्जून सांगा.

अहिराणीत बोलेल का?

हा प्रश्न माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे. २०११ च्या जनगणनेत खानदेशी या गटाचे, ज्यात अहिराणी येते, बोलणारे अठरा लाखांहून जास्त होते. एनव्हीडीएच्या यादीत मात्र अहिराणी आवाज नाही. तरी वाट बंद नाही. अहिराणी देवनागरीत लिहिली तर मराठी आवाज ती वाचतो, मराठी वळणाने का होईना. ‘तुन्हं नाव काय शे?’ हे वाक्य तो नीट वाचतो. जिथे हेल चुकतो तिथे उच्चारांच्या शब्दकोशात आपल्याला हवा तसा शब्द फोडून लिहायचा. ईस्पीकचे भाषानियम साध्या मजकुराच्या फाइलींत असतात आणि त्या खुल्या आहेत. म्हणजे मराठीच्या नियमांवरून अहिराणीचे बेतता येतील, त्यासाठी कोणाची परवानगी मागायची नाही.

यावलच्या त्या मुलाने आईच्या तोंडची लग्नातली गाणी ऐकून टाइप केली आहेत, सगळी अहिराणीत, इनस्क्रिप्टमध्ये. संगणकाने ती वाचली तेव्हा आई शेजारीच बसली होती. तिने सात ठिकाणी उच्चार चुकल्याचं सांगितलं. ते सातही शब्द आता शब्दकोशात आहेत आणि पुढची यादी रविवारी करायची आहे.